वाचकांच्या कैफियती

१९२६ च्या एप्रिलात न्यूयॉर्क शहरी ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले, तेव्हा पहिल्या अंकाची भिस्त व्हर्न, वेल्स आणि पो यांच्या जुन्याच कथांवर होती. या मासिकाची खरी नवनिर्मिती मी शोधतो ती काही काळाने त्यात सुरू झालेल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात. पत्राखाली लिहिणाराचे नाव छापण्याची रीत वर्तमानपत्रांतून रूढच होती; गर्न्सबॅक यांनी नावाखाली त्याचा पत्ताही छापला. या क्षुल्लक भासणाऱ्या कारकुनी तपशिलाने जे घडवले ते अद्भुतच म्हटले पाहिजे, कारण ज्या पोराला आपल्या गल्लीत मंगळावरच्या स्वारीविषयी बोलायला एकही माणूस मिळत नव्हता, त्याला अंकाची पाने उलटताच शिकागोत, ब्रुकलिनमध्ये, क्लीव्हलंडात आपल्यासारखेच एकलकोंडे जीव राहतात आणि दोन सेंटांच्या तिकिटात त्यांच्यापर्यंत पोचता येते, असा शोध लागला. संपादकाच्या नावे लिहिलेले अर्ज आणि फिर्यादी आता परस्परांच्या घरी जाऊ लागल्या.

या पत्रव्यवहारातूनच रे पामर व त्याच्या सोबत्यांनी मे १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे हस्तपत्र काढले, आणि वाचकांनी वाचकांसाठी चालविलेले या क्षेत्रातले पहिले नियतकालिक म्हणून त्याचा आज निर्देश होतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या ज्यूलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वाइसिंगर या दोघा तरुणांनी ‘द टाइम ट्रॅव्हलर’ सुरू केले. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी मित्रांनीही असेच एक पत्र काढले, आणि १९३३ च्या जानेवारीत त्यात ‘सुपरमॅन’ या नावाच्या एका पात्राची कथा आली. पण हा सुपरमॅन टकला होता, दुष्ट होता, आणि मिळालेल्या अतींद्रिय शक्तीने जगावर सत्ता गाजवू पाहत होता. पुढे १९३८ साली याच दोघांचा जो सुपरमॅन ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात मोटार डोक्यावर उचलून उभा राहिला, तो पहिल्याच्या अगदी उलट स्वभावाचा. साऱ्या जगाच्या परिचयाचा हा महानायक वाचकांच्या हस्तपत्रात अगोदर खलनायक म्हणून जन्मला, ही गोष्ट मला आजही विस्मयाची वाटते.

वाचकांची मते सदैव शहाणपणाचीच असत, असे मात्र म्हणवत नाही. ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालविणाऱ्या एका रशियातून आलेल्या ज्यू गृहस्थाच्या दुकानात मासिकेही विक्रीस असत. असल्या मासिकांना मुलाने हात लावू नये असा बापाचा सक्त हुकूम असताही, एका मासिकाच्या नावात ‘सायन्स’ हा शब्द पाहून त्याने तेवढ्यापुरती परवानगी दिली, आणि त्या परवानगीतून आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह हा लेखक घडला. हाच अ‍ॅसिमॉव्ह लेखक होण्यापूर्वी ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या ‘ब्रास टॅक्स’ या सदरात हिरिरीने पत्रे पाठवीत असे, आणि विज्ञानकथेत स्त्रीपात्रांची व प्रेमप्रकरणांची लुडबुड नको, असा त्याचा त्या वयातला आग्रही दावा होता. ज्या काळी कॅथरिन मूर ही असामान्य लेखिका केवळ आद्याक्षरे लावून लिहीत होती, त्या काळी हा दावा किती कोता होता, हे निराळे सांगायला नको. तथापि त्या सदराचा गुण असा की, असल्या मताच्या खालीही नाव असे, त्यामुळे त्याचा धनी कोण हे कायम दफ्तरी राही, आणि वाढत्या वयाबरोबर त्या धन्याला त्याचा जाब स्वतःलाच द्यावा लागे.

‘अस्टाउंडिंग’चे संपादक जॉन कँपबेल वाचकांचा कौल घेऊन प्रत्येक अंकातल्या कथांची गुणानुक्रमे यादी छापीत असत, पण त्यांनी वाचकमताचा जो सर्वांत मोठा सन्मान केला तो याहून फार रम्य आहे. १९४८ च्या नोव्हेंबर अंकात एका वाचकाचे पत्र आले. नेहमीप्रमाणे त्यात अंकातल्या कथांची तोलून मापून प्रतवारी होती, ही बरी, ती त्याहून सरस, अमकी जरा ढिली. फक्त ज्या अंकाविषयी हे लिहिले होते तो एक वर्षानंतरचा, नोव्हेंबर १९४९ चा, अजून अस्तित्वातच नसलेला अंक होता. कँपबेल यांनी पत्र छापले, आणि मग हाइनलाइन, स्टर्जन, व्हॅन व्होग्ट, डेल रे, डी कँप यांच्याकडे गुपचूप तगादा लावून वाचकाने कल्पिलेल्या कथा खरोखरच लिहवून घेतल्या. हाइनलाइनची ‘गल्फ’ ही कथा अशी अस्तित्वात आली. वर्षभराने अंक हाती पडला तेव्हा त्या वाचकाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करताना माझे मन प्रत्येक वेळी भरून येते. संपादकाने त्याच्या शब्दाला भविष्यवाणीचा दर्जा दिला होता.

या वाचकमंडळींत भाऊबंदकीही भरपूर होती. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेचे पहिले जागतिक संमेलन भरले, त्याच्या दारातच डोनाल्ड वोलहाइम, फ्रेडरिक पोल प्रभृती सहा जणांना मज्जाव झाला. पुढे हाच वोलहाइम एस या प्रकाशनसंस्थेचा संपादक झाला, आणि १९६५ साली टोलकिन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची स्वस्त आवृत्ती, अमेरिकेच्या स्वामित्वकायद्यातील फटीचा लाभ घेऊन, लेखकाच्या संमतीवाचून त्या संस्थेने बाजारात आणली. टोलकिन यांनी कोर्टकचेरीचा मार्ग धरला नाही. अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना ते ही हकिगत कळवीत राहिले, आणि वाचकांत असा क्षोभ उसळला की संस्थेला मानधन चुकते करून ती आवृत्ती पुन्हा न छापण्याचे कबूल करावे लागले.

चित्रकथांच्या क्षेत्रात ही परंपरा नेली ती त्याच श्वार्ट्झ यांनी. तीस वर्षांपूर्वीचा हस्तपत्रवाला आता डीसी कॉमिक्सच्या संपादकाच्या खुर्चीत होता, आणि साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी पत्रांखाली पुन्हा पूर्ण पत्ते छापले. परिणाम पूर्वीचाच झाला: वाचक एकमेकांना गाठू लागले, हस्तपत्रे निघू लागली, आणि त्यांपैकी ‘ऑल्टर ईगो’शी निगडित असलेले रॉय थॉमस १९६५ साली मार्व्हलमध्ये लेखक म्हणून रुजू झाले. ‘फँटॅस्टिक फोर’च्या १९६३ मधल्या एका अंकातल्या पत्रव्यवहारात न्यूजर्सीच्या एका शाळकरी मुलाचे स्तुतीने ओसंडणारे पत्र आहे, त्याखालचे नाव जॉर्ज मार्टिन. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहायला अजून तीन दशके अवकाश होता.

१९६८ च्या मार्चात एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ‘स्टार ट्रेक’ची मालिका पुढे चालू राहील, असे चक्क प्रक्षेपणातच जाहीर केले, ते बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने कचेरीत लोटलेल्या पत्रांच्या राशींमुळे. मालिका पुढल्या वर्षी बंद पडलीच, पण तेवढ्यात मिळालेल्या तिसऱ्या वर्षाच्या भागांमुळे तिचे पुनःप्रक्षेपण करणे सुलभ झाले, आणि तिचे खरे आयुष्य तिथून सुरू झाले.

यानंतर १९८८ चा सप्टेंबर येतो. बॅटमनच्या ४२७ व्या अंकात त्याचा सहकारी रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, स्फोटात सापडतो, आणि शेवटी दोन दूरध्वनी क्रमांक छापलेले आहेत: एक त्याने जगावे म्हणून, दुसरा मरावे म्हणून, प्रत्येक फोनला ५० सेंट. छत्तीस तासांत १०,६१४ फोन आले. मरावे म्हणणारे ५,३४३, जगावे म्हणणारे ५,२७१. कोणी कारण सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते. नाव नाही, गाव नाही, ज्याला उलट पत्र लिहून समजूत घालावी असा कोणी नाही. बहात्तर मतांच्या फरकाने निकाल लागला आणि ४२८ व्या अंकात बॅटमन रॉबिनचे कलेवर हातांवर घेऊन आला. चित्रकार जिम अपारो यांनी दोन्ही निकालांसाठी चित्रे आधीच काढून ठेवली होती, आणि ज्या पानावर तो पोरगा जिवंत राहतो ते पान तूर्त दफ्तरात जमा झाले.