मराठी ख्रिस्ती उपासनागीत आणि नित्याचे जीवन

भेडाघाट येथे नर्मदा संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाहते आणि जवळच धुवाँधार येथे ती प्रपातरूपाने कोसळते. असे भव्य दृश्य पाहताच स्तोत्र आपोआप स्फुरावे, अशी समजूत रूढ आहे; काही स्तोत्रे तशी स्फुरली असतीलही. उपासनागीताची गोष्ट मात्र निराळी आहे. ते एकाने रचावयाचे आणि सगळ्या मंडळीने वर्षानुवर्षे गावयाचे असते. ज्यांनी नर्मदा कधी पाहिली नाही, त्यांच्याही ओठी ते बसले पाहिजे. म्हणून त्याचा उगम सर्वांच्या वाट्याला आलेल्या अनुभवात, म्हणजे नित्याच्या जीवनात, शोधावा लागतो. मराठी ख्रिस्ती गीताचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

फादर टॉमस स्टीफन्स याने १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवीची निवड केली, तेव्हाच ह्या प्रश्नाची जाण मराठीत प्रकट झाली होती. परंतु ते पुराण होते. ऐकावयाचे, मंडळीने मिळून गावयाचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर जी गीते आली, त्यांत पाश्चात्य चालींवर बसविलेली भाषांतरे पुष्कळ होती. इंग्रजी गीताचा ठेका शब्दावरील आघातावर चालतो. मराठी पद्याची चाल अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर अवलंबून असते. परक्या सुरावर मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, दीर्घ आखूड करावे लागे, आणि वाक्य भलत्याच जागी तुटे. श्रद्धा खरी असली तरी बोलणे खरे वाटत नसे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे कार्य येथे निर्णायक ठरले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्यांची दीर्घकाळ कर्मभूमी झाली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. तिचा रचनेच्या अंगानेही विचार करावयास हवा. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन आणि चार अक्षरांचा एक असे चरण असतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधते. एवढ्याशा जागेत घरात बोलले जाणारे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे मावते. शिवाय संतांनी हा छंद आपापल्या व्यवसायातून सिद्ध केला होता. सावत्याचा मळा, गोऱ्याची माती, जनाबाईचे जाते ही भक्तीची केवळ पार्श्वभूमी नव्हती. भक्तीचे बोलणेच त्यांतून घडले होते.

टिळकांनी ख्रिस्ताला गुरू म्हटले, माउलीही म्हटले. हा वारकऱ्यांचा शब्द उसना घेतला, असा आक्षेप घेता येईल. परंतु 'माउली' हा शब्द संप्रदायाचा होण्यापूर्वी घराचा होता. लेकराने हाक मारावी आणि आईने हातातले काम टाकून यावे, हा अनुभव कोणत्याही एका धर्माच्या मालकीचा नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत खेड्यापाड्यांतले, गावकुसाबाहेरचे लोक बहुसंख्य होते. टिळक स्वतः ब्राह्मण घरात वाढलेले. ह्या दोघांना एकाच गीतात उभे करील अशी भाषा धर्मशास्त्राच्या परिभाषेत सापडणारी नव्हती. ती चुलीशी, पाळण्याशी, पाणवठ्याशी सापडली. तोच पाणवठा जातीने विभागलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निवडीचे मोल कळते.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रां'त ह्याची दुसरी बाजू दिसते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ह्या प्रवासात त्यांना मुख्यतः झगडावे लागले ते कुणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कुणाबरोबर जेवावे, अशा प्रश्नांशी. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' असे आहे, हेही सूचक म्हणावे लागेल. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे पुरे केले. शाळेत न गेलेल्या स्त्रीला हे साधले, कारण तिच्या धर्मचिंतनाची भाषा आणि स्वयंपाकघराची भाषा एकच होती.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घरातल्या वस्तूंची नावे गुंफली म्हणजे गीत होत नाही. त्या वस्तूशी निगडित कष्ट, उणीव वा कृतज्ञता रचणाऱ्याने भोगलेली असली पाहिजे. जाते आता बहुतेक घरांतून गेले आहे. आजच्या गीतकाराने केवळ परंपरेचा मान राखण्यासाठी ते पुन्हा गीतात आणले, तर तेही त्या जुन्या भाषांतरांइतकेच परके ठरेल. टिळकांपासून घ्यावयाचा आहे तो त्यांचा प्रतिमासंग्रह नव्हे, तर आपल्या शेजाऱ्याच्या दिवसाकडे पाहण्याची रीत. लोकलच्या गर्दीत उभा असलेला नोकरदार, रुग्णालयाबाहेर रात्र काढणारी आई, ऊसतोडीला निघालेले कुटुंब ह्यांची प्रार्थना त्यांच्याच वाक्यांत मंडळीला म्हणता येईल, तेव्हा ही परंपरा पुढे चालू राहिली असे म्हणता येईल.