आकडा बदलला, पण जुना कुठे गेला?

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला माहीत असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. याच रस्त्यावर फरिदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ बसते. २०१०च्या कायद्याने स्थापन झालेल्या या लवादापुढे हवा, पाणी, कचरा यांची प्रकरणे चालतात आणि त्यांत हवेच्या मोजमापाचे आकडे वारंवार पुढे येतात. हे आकडे ऑनलाइन डेटाबेसमध्ये असतात आणि दिवसरात्र बदलत राहतात. मग गेल्या महिन्यात अमुक रात्री दोन वाजता कोणता आकडा दिसत होता, हे आज खात्रीने कोण सांगणार?

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. या रस्त्याच्या जवळची मोजणी केंद्रे म्हणजे आयटीओ आणि मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियम. अशा केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो, पीएम २.५ हे सूक्ष्म धूलिकण फिल्टरच्या पट्टीवर साचतात आणि त्या पट्टीतून बीटा किरण सोडले जातात. धूळ जितकी जास्त, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. या घटीवरून एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम धूळ आहे हे निघते. तो आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातो, आणि तिथून ‘समीर’ अ‍ॅपवर व केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या व्यासपीठावर येतो.

या व्यासपीठावर मिळते ती ताजी ओळ : केंद्राचे नाव, प्रदूषक, किमान, कमाल, सरासरी आणि अद्ययावत केल्याची वेळ. पुढची ओळ आली की आधीची तिथून जाते. मंडळाच्या पोर्टलवरून मागचे आकडे उतरवून घेता येतात. पण एखादा आकडा नंतर दुरुस्त झाला किंवा वगळला गेला, तर त्या बदलाचा इतिहास सोबत मिळत नाही.

राखण करणारा छोटा प्रोग्रॅम

उपाय साधा आहे आणि संगणक शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला जमण्यासारखा आहे. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. तो दर तासाला एपीआयमार्फत आकडे आणतो. केंद्र, प्रदूषक आणि मोजणीची वेळ या तिन्हींवरून प्रत्येक नोंदीची ओळख ठरते. त्याच ओळखीची नोंद आपल्याकडे आधीच असेल, तर दोन्ही आकडे ताडून पाहायचे. फरक निघाला तर जुन्या ओळीला हात न लावता खाली नवी ओळ जोडायची : आधीचा आकडा, नवा आकडा आणि बदल लक्षात आल्याची वेळ. जमाखर्चाच्या वहीत चुकलेली रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद घालतात, हेही तसेच.

घोटाळे होतात ते बारीकसारीक गोष्टींत. यंत्र बंद असेल तर आकड्याच्या जागी ‘एनए’ येते. प्रोग्रॅमने ते शून्य मानले, तर हवेतली धूळच नाहीशी झाल्याची नोंद होईल. सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर असेल, तर प्रत्येक नोंद साडेपाच तास मागे सरकते आणि मध्यरात्रीचा धूर संध्याकाळच्या खात्यात जातो. आकडा तासन्‌तास तोच राहिला, तर हवा खरेच तशी आहे की यंत्र अडकले आहे, हा प्रश्न उरतो. म्हणून ‘शेवटचा बदल’ आणि ‘शेवटची तपासणी’ या दोन वेळा वेगळ्या लिहाव्या लागतात.

चार तासांची किंमत

हवेचा राष्ट्रीय निर्देशांक एप्रिल २०१५पासून वापरात आहे. पीएम २.५साठी तो २४ तासांच्या सरासरीवर ठरतो. किमान १६ तासांचे आकडे असले तरी काढता येतो. समजा, एका केंद्रावर २० तास १०० मायक्रोग्रॅम आणि मध्यरात्रीचे ४ तास ४०० मायक्रोग्रॅम धूळ होती. सरासरी येते १५०, म्हणजे हवा ‘अतिवाईट’. नेमके तेच चार तास नोंदीतून गळाले, तर उरलेल्या २० तासांची सरासरी येते १०० आणि हवा नुसती ‘वाईट’ ठरते. नियम एकही मोडलेला नसतो, तरी श्रेणी बदलते. दिल्लीत बांधकामांवरचे निर्बंध शहराच्या निर्देशांकावरून ठरतात, त्यामुळे गळालेल्या तासांची नोंद मोजलेल्या तासांइतकीच मोलाची आहे.

हीच गरज कारखान्यांच्या बाबतीतही आहे. केंद्रीय मंडळाने २०१४मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रकारांना धुराडी आणि सांडपाणी यांच्या ऑनलाइन मोजणीची यंत्रे बसवायला सांगितले. मर्यादा ओलांडली की एसएमएस जाण्याची सोय त्यात आहे. पण तो आकडा पुढे दुरुस्त झाला, तर आधीचा किती होता आणि दुरुस्ती कशासाठी झाली, हे लिहिलेले असलेच पाहिजे.

जुन्या नोंदींची खातरजमा करता आली नाही तर काय होते, हे ज्याच्या नावाचा हा रस्ता आहे त्या खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्याच कामात दिसते. दिवस आणि रात्र समान असताना सूर्य आकाशात जिथे असतो तो संपातबिंदू किती वेगाने सरकतो हे ठरवताना त्याने टॉलेमी आणि अल-बत्तानी या जुन्या खगोलशास्त्रज्ञांचे शेकडो वर्षांपूर्वीचे वेध स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिले. त्या वेधांतल्या चुका ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. त्यामुळे हा वेग कालांतराने कमीजास्त होतो, असे त्याने मानले आणि त्यासाठी गणित रचले. तो फरक जुन्या नोंदींतल्या चुकांमुळे दिसत होता. पुढे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने ही कल्पना सोडून दिली.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा उभी केली. हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठही पुण्यातच आहे. म्हणजे हवेच्या नोंदींचे हे काम महाराष्ट्राला परके नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळांनी आकड्यांसोबत त्यांच्या दुरुस्त्यांची नोंदवहीही खुली करावी. आणि पुणे, मुंबई, चंद्रपूर, नागपूर इथल्या महाविद्यालयांनी त्याची वाट न पाहता आपल्या शहरातल्या एका केंद्राची नोंद ठेवायला सुरुवात करावी. त्यासाठी एक साधा संगणक आणि इंटरनेटची जोडणी पुरेशी आहे.