पाइपाला लावलेला कान

माझे अब्बा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. गावात मात्र या नावाने त्यांना कुणी ओळखत नसे. 'पाणी सोडणारे चाचा' हीच त्यांची ओळख. पहाटे फजरच्या अजानीआधी ते घराबाहेर पडत. खांद्यावर लांब लोखंडी चावी, हातात टॉर्च. शाळेला सुट्टी असली की मीही मागे जाई. रस्त्यातल्या चेंबरचे झाकण उघडायचे, चावी खाली घालायची आणि एकेक आटा सावकाश फिरवायचा. मी घाई केली की म्हणत, "बेटा, पानी को डराना नहीं."

मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पुढे कवितेत रमलो. विज्ञान माझा विषय नव्हे. पण अब्बांच्या त्या वाक्याचा अर्थ शोधताना मी नळापासून नाडीपर्यंत जाऊन पोहोचलो. आज त्याच वाटेने तुम्हालाही न्यायचे आहे.

पाण्याला घाबरवायचे नाही, म्हणजे काय? रस्त्याखालच्या मोठ्या नळात कित्येक टन पाणी धावत असते. व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर ते जाणार कुठे? त्याचा धक्का लाट होऊन उलटा फिरतो आणि कुठल्यातरी कच्च्या जोडावर नळ फुटतो. इंजिनिअर याला पाण्याचा हातोडा म्हणतात. घरातला नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत 'ठक्' असा आवाज येतो, तो या हातोड्याचाच धाकटा भाऊ.

आता आपल्या छातीकडे पाहा. तिथे मिनिटाला सत्तरेक वेळा झडपा उघडतात आणि मिटतात. विश्रांतीत असतानाही हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाचा हिशेब सात हजार लिटरच्या वर जातो, म्हणजे पाण्याचा एक टँकर झाला. मग इथे हातोडा का बसत नाही? कारण आपले नळ लोखंडाचे नाहीत. हृदयातून निघणारी महाधमनी रबरासारखी ताणते, आलेले रक्त क्षणभर पोटात घेते आणि झडप मिटल्यावर ते हळूहळू पुढे सोडते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ सालीच याची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या पेटीशी केली होती. पंप झटके देत चालतो, पण पेटीतली हवा दबते, फुलते आणि धार अखंड राहते. मनगटावर आपल्याला नाडी लागते ती याच ताणण्याची लाट. रक्त तिच्या मागून, तिच्यापेक्षा फार सावकाश येत असते.

याच हेल्सने घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढले. रक्तदाबाचे ते पहिले मोजमाप. दाब म्हणजे उंची, हे टाकीवर काम करणाऱ्या अब्बांना कुणी शिकवावे लागले नाही. टाकी जितकी उंच तितके पाणी जोरात. डॉक्टर '१२०' म्हणतात ते १२० मिलिमीटर उंचीचा पारा तोलून धरणारा दाब. पाण्याच्या भाषेत तो सुमारे पाच फूट चार इंचांचा स्तंभ, म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा. एवढी टाकी आपण प्रत्येक जण अंगात वागवतो. वय वाढते तशी महाधमनी ताठ होते, तिचा रबरीपणा कमी होतो आणि वरचा आकडा चढू लागतो.

अब्बांचे आणखी एक काम असे. गळती शोधणे. रात्री गाव निजले की ते एक लोखंडी गज नळावर टेकवत आणि दुसरे टोक कानाला लावत. दाबाखालचे पाणी फटीतून बाहेर पडताना सूं-सूं करते, तो आवाज लोखंडातून चालत येतो. "शांत वाहणारे पाणी बोलत नाही," ते सांगत.

ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये हेच डोळ्यांना दाखवले. काचेच्या नळीतल्या पाण्यात त्यांनी रंगाची बारीक रेघ सोडली. वेग कमी होता तोवर रेघ सुतासारखी सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला आणि ती विस्कटून पाण्यात मिसळली. प्रवाह सरळ असेल तर गुमान जातो, घुसळला की बोलू लागतो. निकोलाय कोरोत्कोव या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ मध्ये दंडाला पट्टा बांधून स्टेथोस्कोपने जे ऐकले, ते हेच बोलणे. पट्टा पुरता आवळला की रक्त थांबते, आवाज नाही. पट्टा सैल करत जावे, पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा. आवाज विरतो आणि रक्त पुन्हा मुकाट वाहू लागते, तो खालचा. घरातल्या बॅटरीच्या यंत्राला असा कान नसतो, ते पट्ट्यातली थरथर मोजते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नळाचा व्यास निम्मा झाला तर पाणी किती कमी होईल? बहुतेक जण म्हणतील, निम्मे. फ्रेंच डॉक्टर प्वाझेय यांनी १८४० च्या सुमारास बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून याचे उत्तर काढले. दाब तोच ठेवला तर पाणी सोळाव्या हिश्शावर येते. व्यास फक्त पाचव्या हिश्शाने घटला तरी प्रवाह निम्म्याहून खाली जातो. हा नियम बारीक नळीतल्या शांत प्रवाहाचा. रस्त्याखालच्या मोठ्या नळात पाणी घुसळत जाते, तिथेही निम्म्या व्यासाला पाणी साधारण सहाव्या हिश्शावर येते.

शरीर या नियमावरच चालते. धमन्यांच्या शेवटी केसासारख्या बारीक वाहिन्या असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो. तो किंचित आवळला की प्रवाह पुष्कळ घटतो. ते आपल्या अंगातले व्हॉल्व्हमनच. पण ते कायम आवळलेले राहिले तर तेवढेच रक्त पोहोचवायला दाब वाढवावा लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या या वाहिन्या सैल करतात, काही अंगातले जादा मीठ आणि पाणी बाहेर काढतात. मोठ्या धमनीत चरबी साचू लागली तरी शरीर पुढच्या वाहिन्या सैल करून वेळ निभावून नेते. म्हणून कित्येक वर्षे काहीच कळत नाही.

अब्बांनाही कळले नाही. निवृत्तीच्या वर्षी एका तपासणी शिबिरात त्यांचा दाब १८० आणि ११० निघाला. महिनाभर गोळ्या घेतल्या, मग सोडल्या. "तबियत ठीक है, तो दवा काय को?" असा त्यांचा सवाल. मी तेव्हा तिशीच्या आत होतो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्याच हिवाळ्यात, १९९९ साली, एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्या हाताने गावाचे पाणी सोडले, त्याला पुढची चार वर्षे चमचा धरता आला नाही.

आज त्या सवालाचे उत्तर माझ्यापाशी आहे. दाब वाढला म्हणून नळाला दुखत नाही. फुटेपर्यंत तो चांगलाच दिसतो. अब्बा हे जाणत होते, म्हणून तर ते रात्री गज घेऊन फिरायचे. कुणाची तक्रार येण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. आयुष्यभर गावाच्या नळांना कान लावणाऱ्या या माणसाच्या दंडाला मात्र आम्ही घरच्यांनी पुन्हा कान लावला नाही. ही खंत माझी आहे.

आता मीही पन्नाशी ओलांडली आहे. माझाही आकडा चढतो. रोज सकाळी एक छोटी गोळी घेतो. ती चुकवावीशी वाटते त्या दिवशी कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या चावीकडे पाहतो. ती अजून घरात आहे. तुमच्या घरातही कुणी म्हणत असेल, "मला काही होत नाही." त्यांच्या दंडाला आज एकदा पट्टा बांधा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)