धार म्हणजे कोनांचा हिशेब

विळीला धार लावून आणा असे घरात कुणी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर पातळ होत गेलेले पाते येते. द्राक्षबागेतली छाटणीची कात्री असो की कांदा कापायचा विळा, जितके पाते पातळ तितकी धार चांगली, अशी आपली समजूत असते. आता नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये जाऊन लेथवरचे टूल पाहा. करंगळीएवढा चौकोनी पोलादी तुकडा आणि त्याच्या टोकाला सुमारे ७० अंशांची जाडजूड पाचर! या पाचरीने विळीने कापतो तशी भाजी कापता येणार नाही. पण फिरत्या लोखंडी सळईवरून ती नारळाच्या शेंडीसारखा कीस सोलून काढते. हे कसे घडते?

लाकूड फोडताना कुऱ्हाडीच्या पुढे भेग धावते. धातूत बहुधा तसे होत नाही. टूल पुढे सरकते तसा त्याच्या समोरचा धातू दाबला जातो आणि तिरक्या पातळीत थरावर थर घसरत जातो. पत्त्यांचा कॅट एका बाजूने ढकलला की पाने एकमेकांवरून सरकतात, तसेच हे आहे. म्हणूनच लेथवरून निघालेली कीस मोजली, तर ती आपण घेतलेल्या कापापेक्षा जाड आणि लांबीला आखूड भरते. या ढकलाढकलीत टूलच्या टोकावर प्रचंड दाब येतो. दाढीच्या पात्यासारखी पातळ धार इथे क्षणात तुटून जाईल. छिन्नीचे टोक ६० अंशांच्या आसपास घासतात, त्याचेही कारण हेच.

आता तीन कोन ओळखून घेऊ. टूलची समोरची आणि कडेची बाजू धारेपासून खाली आत झुकवलेली असते, म्हणजे धारेखालचा भाग कामाला घासत नाही. कारागीर याला क्लिअरन्स म्हणतात, आपण मोकळीक म्हणू. टूलच्या वरच्या पृष्ठाला धारेपासून मागे दिलेला उतार म्हणजे रेक. कीस या उतारावरून निसटते. मोकळीक आणि रेक यांच्या मध्ये उरतो तो पाचरीचा कोन. तिघांची बेरीज नेहमी ९० अंश. साध्या पोलादासाठी मोकळीक ८ अंश आणि रेक १४ अंश ठेवला, तर पाचर ६८ अंशांची होते. रेक वाढवला तर काप हलका जातो, पण पाचर अशक्त होते. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, असा हा व्यवहार आहे.

वर्गात हे लेथशिवाय दाखवता येते. कपडे धुण्याच्या साबणाची वडी टेबलावर ठेवा आणि जाड पट्टीचा एक टोकदार तुकडा घेऊन तिच्यावरून ओढा. पट्टीची खालची बाजू साबणाला सपाट टेकली, तर ती कितीही दाबा, नुसती घासत जाते. तीच बाजू थोडी उचलली की साबण सोलला जातो. मोकळीक नसलेले टूल धारदार असूनही कापत नाही, हे विद्यार्थ्यांना यातून बोटांनीच कळते.

धातू बदलला की कोन बदलतात. ॲल्युमिनियम मऊ आणि चिकट, म्हणून त्याला २५ ते ३० अंशांपर्यंत रेक लागतो, नाहीतर कीस टोकाला चिकटून बसते. ओतीव लोखंडाची कीस भुकटी होऊन पडते, त्याला ५ अंशांच्या आसपास रेक पुरतो. नाशिकच्या भांडी बाजारात जे पितळ ढिगाने दिसते, त्याचा स्वभाव मात्र उलटा. पितळासाठी रेक शून्य, म्हणजे टूलचा माथा सपाट ठेवतात. पोलादाचे रेक दिलेले टूल पितळाला लावले, तर ते अचानक कामात घुसते आणि जॉब चकमधून उखडला जाऊ शकतो. घरच्या लहान लेथवर होणाऱ्या अपघातांचे हे एक कारण आहे.

कोन नीट घासूनही टूल चुकीच्या उंचीवर बसवले, तर सारा हिशेब बिघडतो. दहावीचा विद्यार्थी हे गणित करू शकेल. जॉबचा व्यास २० मिमी आहे आणि टूलचे टोक मध्यरेषेपेक्षा १ मिमी वर आहे. त्रिज्या १० मिमी, म्हणून कोनाची ज्या १/१०, आणि कोन सुमारे ५.७ अंश. समोरच्या मोकळिकीतून तेवढे वजा होतात. ८ अंशांचे उरले जेमतेम २.३ अंश. आता व्यास ६ मिमी घ्या आणि टोक केवळ अर्धा मिमी वर ठेवा. ज्या १/६, कोन ९.६ अंश. मोकळीक संपली! टूल कापण्याऐवजी घासू लागते. नवशिका अशा वेळी टूल पुन्हा पुन्हा ग्राइंडरवर नेतो. प्रत्यक्षात टूलखाली पत्र्याची योग्य जाडीची पट्टी ठेवून टोक मध्यरेषेवर आणले की काम होते.

टूल घासण्याचा क्रम असा. आधी कडेची बाजू, मग समोरची, शेवटी माथ्याचा उतार. पूर्ण पृष्ठ एकसारखे दिसू लागले, की त्या बाजूचे काम झाले. मध्येच एखादी रेघ किंवा दुसरे पृष्ठ दिसले, तर कोन बदलला असे समजावे. मग ऑइलस्टोनवर धार घासून बारीक खरवड काढावी आणि टोकाला अर्ध्या मिमीच्या आसपास गोलाई द्यावी. सुईसारखे टोक चटकन झिजते आणि कामावर पेचासारख्या रेघा उमटवते. धार पडली की नाही, हे बोटाने तपासू नये. धारेवर उजेड पाडून पाहावे. बोथट धार पांढरी रेघ होऊन चमकते, चांगली धार दिसतच नाही.

घासताना टूल तापते आणि पिवळे, तपकिरी, मग निळे होते. हे रंग पृष्ठावरच्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच कारणाने ते दिसतात. जुन्या कार्बन पोलादाच्या टूलला निळा रंग म्हणजे मरण होते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला त्याचा कडकपणा उतरतो. म्हणून लोहार विळ्याला पाणी पाजताना रंगावर इतकी नजर ठेवतो. १९०० च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांनी टंगस्टनयुक्त पोलादावर अशी उष्णताक्रिया शोधली, की टोक लालसर तापले तरी टूल कापत राहिले. त्यातून हायस्पीड पोलाद आले. १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम आणि १ टक्का व्हॅनेडियम ही त्याची एक प्रसिद्ध जात. ५५० अंशांच्या आसपासपर्यंत ते कडक राहते, त्यामुळे ग्राइंडरवर निळे झाले म्हणून ते वाया जात नाही. मात्र फार तापलेले टूल एकदम पाण्यात बुडवले, तर बारीक तडे जातात. हाताला चटका बसण्याआधीच थोडे थोडे गार करत राहावे.

टंगस्टन कार्बाइडचे टूल आणखी कडक असते. आज कारखान्यांतून त्याचे तयार इन्सर्ट वापरतात आणि हाताने टूल घासणारे कमी होत चालले आहेत. पण इन्सर्टला बहुधा जास्त वेग आणि मजबूत यंत्र लागते. घरच्या हलक्या लेथला हाताने घासलेले हायस्पीडचे टूलच जास्त मानवते. पोलादासाठी ३० मीटर प्रति मिनिट वेग धरला, तर २५ मिमी व्यासाच्या सळईला मिनिटाला सुमारे ३८० फेरे पुरतात.

ग्राइंडरचे चाक कशाचे असते? हायस्पीडसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. त्याचेच खनिज रूप म्हणजे कुरुंद. इंग्रजीतले त्याचे नावही दक्षिण भारतातल्या शब्दावरून गेले. कार्बाइडला मात्र सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक लागते. १५० मिमीचे चाक मिनिटाला २८०० फेरे घेते, तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असते. चाकात तडा असेल तर तुकडे त्याच वेगाने उडतील. म्हणून चाक बसवण्यापूर्वी लाकडाने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर चाक धड, बद्द आला तर बाद. हाताचा टेकू चाकापासून ३ मिमीपेक्षा लांब नसावा, नाहीतर टूल फटीत खेचले जाते. चष्मा हवाच. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. चाक सुरू करताना समोर उभे राहू नये. पितळ आणि ॲल्युमिनियम या चाकावर घासू नये, कारण त्याची छिद्रे बुजतात.

शाळेत लेथ नसला तरी जवळच्या आयटीआयची किंवा वर्कशॉपची भेट घडवता येईल. तिथून पोलाद, पितळ आणि ओतीव लोखंड यांची कीस वेगवेगळ्या डब्यांत आणावी. तिच्या कडा कापतात, म्हणून चिमट्याने उचलावी. कोणती लांब निघाली, कोणती भुकटी झाली, कोणती निळी पडली, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. मग प्रत्येकीसाठी टूलचा कोन काय असेल, याचा अंदाज त्यांना वहीत काढायला सांगावा आणि टर्नरकडून तपासून घ्यावा. भूमितीच्या तासाला काढलेला कोन कोणाच्या तरी रोजच्या कामात लागतो, हे त्यांना त्या वेळी दिसेल.