वसईच्या बहुभाषिक घरांतील वार्धक्य

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून, मेंदूच्या पेशींना पोहोचणाऱ्या इजेमुळे स्मरण, भाषा, दिशांचे भान आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याची शक्ती क्रमाने ओसरत नेणाऱ्या विकारांचा तो समूह आहे आणि त्यात अल्झायमरचे प्रमाण सर्वाधिक असते. तो टाळण्यासाठी शब्दकोडी, सुडोकू यांची शिफारस होते. परंतु अशा सरावाने बहुतेकदा त्या खेळापुरतेच कौशल्य वाढते, म्हणून वसई-विरारमध्ये तरी रोजच्या बोलण्यातून घडणाऱ्या व्यायामाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

घरात कादोडी, म्हणजे सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती या दोन्ही समाजांची बोली, किंवा वाडवळी, शाळेत व चर्चमध्ये प्रमाण मराठी, लोकलच्या डब्यात हिंदी, अशी भाषा बदलत राहण्याची सवय येथील वडीलधाऱ्यांना लहानपणापासून असते. एका भाषेत बोलताना मेंदूला दुसरी आवरून धरावी लागते आणि त्यातून लक्षाचे नियमन करणाऱ्या यंत्रणेला सराव मिळतो, असे मानले जाते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. हा फरक निरक्षरांतही आढळला, ही त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट. कारण त्यामुळे केवळ शालेय शिक्षणाने त्याचा उलगडा होत नाही. दोनांहून अधिक भाषांचा वाढीव लाभ मात्र दिसला नाही.

लक्षणे अशी उशिरा दिसण्यामागे, पेशी झिजत असतानाही पर्यायी जोडण्यांच्या बळावर काम चालवण्याचे मेंदूचे सामर्थ्य असावे; त्याला बौद्धिक राखीव क्षमता म्हणता येईल. ती आजार बरा करत नाही, लक्षणांची सुरुवात लांबवते. इतरत्र झालेल्या काही अभ्यासांत भाषांचा असा परिणाम आढळलेला नाही, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

शिवाय बोलण्यासाठी आधी ऐकू यावे लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाच्या २०२४ च्या अहवालातील १४ जोखीम घटकांत, ज्यांवर उपाय केल्यास जगातील स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात, बहिरेपण, एकाकीपणा, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचा समावेश आहे. गावातील अंगण सोडून नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहायला गेलेल्या, ज्यांच्या बोलीत उत्तर देणारे शेजारी उरलेले नाहीत अशा वृद्धांची म्हणूनच अधिक काळजी वाटते. त्यांच्यासाठी श्रवणयंत्र आणि नातवंडांशी कादोडीत रोज होणाऱ्या गप्पा या दोहोंची सोय घरच्यांनी करावी. विसराळूपणा वाढलाच, तर तो वयावर न ढकलता तपासणी करून घ्यावी, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्य यांमुळे आलेला विसर उपचारांनी कमी होऊ शकतो.