घोड्याची गोष्ट, घोड्याच्याच तोंडून

वरातीत आपण नवरदेव बघतो. घोडीकडे कोण बघतं? गेल्या लग्नसराईत फटाके वाजले, तशी घोडी बिचकली. भाची म्हणाली, "मावशी, किती घाबरलीय गं ती!"

घरी आल्यावर तिला ॲना स्युएलचं 'ब्लॅक ब्यूटी' दिलं. १८७७ सालची कादंबरी, सांगणारा घोडाच. चौदाव्या वर्षी पडून ॲनाचा पाय कायमचा अधू झाला. कुठं जायचं तर घोडागाडीच. आजारपणात लिहिलेलं हे एकच पुस्तक, आणि ते आल्यावर काही महिन्यांतच ती गेली. गाडी ऐटदार दिसावी म्हणून घोड्याची मान वर ताणून बांधत. ते दुखणं ती घोड्याच्याच तोंडून सांगते. वाचताना आपलीच मान अवघडते!

आपल्या असईच्या १८०३च्या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स ट्रायम्फ' आहे. त्या लढाईत वेलस्लीचा एक घोडा मेला, लाडका डायोमेड भाल्यानं जखमी झाला. तोफांची पानं मी भराभर उलटली, खरं सांगते. इतिहासाची आवड असेल तर यशस्विनी चंद्रांचं 'द टेल ऑफ द हॉर्स' वाचा. इंग्रजी आहे, सावकाश वाचावं.

परवाच्या वरातीत भाची बँडवाल्यांपुढे जाऊन उभी. "काका, घोडीपासून जरा लांब वाजवा ना."