सुधीर फडके : गायक आणि चित्रपट-संगीतकार (एक चिकित्सक आढावा)

प्रस्तावना :

मराठी सुगम संगीताच्या इतिहासात सुधीर फडके यांचे नाव घेतले की 'गीतरामायणा'चे नाव त्यापाठोपाठ आपोआप येते. हा मान निर्विवाद आहे. परंतु या एका कृतीच्या तेजामुळे फडके यांच्या कारकिर्दीचा फार मोठा भाग, म्हणजे सुमारे अर्धशतक केलेले चित्रपटसंगीत, अभ्यासकांच्या दृष्टीने काहीसा झाकोळला गेला आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत गीतरामायण हे काव्य म्हणून, म्हणजे ग. दि. माडगूळकरांची कृती म्हणून येते. चित्रपटसंगीत तर बहुधा अभ्यासविषय म्हणून येतच नाही. परिणामी फडके हे 'गीतरामायण गाणारे बाबूजी' एवढ्यापुरते उरतात. प्रस्तुत लेखात त्यांच्यातील गायक आणि चित्रपट-संगीतकार यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. गायक असल्यामुळे त्यांचे संगीतकारपण कसे घडले, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

जडणघडण :

रामचंद्र विनायक फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूर येथे झाला. 'सुधीर' हे नाव त्यांनी पुढे व्यवसायाच्या निमित्ताने धारण केले आणि तेच कायम राहिले. शास्त्रीय संगीताचे प्राथमिक शिक्षण त्यांना कोल्हापुरातच पं. वामनराव पाध्ये यांच्याकडे मिळाले. मात्र या तालमीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, संस्कार त्यांच्यावर बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या गायनाचे झाले. या दोघांचे ऋण त्यांनी वेळोवेळी मान्य केले आहे. हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. बालगंधर्वांच्या गाण्यात पदातील शब्द हा तानेचा केवळ आधार नसून भावाचा वाहक असतो. हिराबाईंच्या गाण्यात सुराची स्वच्छता आणि संयम असतो. फडके यांच्या पुढील सर्व निर्मितीत हे दोन गुण एकत्र आलेले दिसतात.

घरची परिस्थिती खालावल्यानंतरची त्यांची वर्षे अत्यंत हलाखीची गेली. गाण्याच्या बळावर गावोगाव हिंडणे, मिळेल ते काम करणे, प्रसंगी उपाशी राहणे असा तो काळ होता. १९४१ मध्ये 'हिज मास्टर्स व्हॉईस' या ध्वनिमुद्रिका कंपनीशी संबंध आल्यानंतर त्यांच्या व्यावसायिक जीवनास आरंभ झाला असे मानता येते. ध्वनिमुद्रिकेचे तंत्र त्यांनी येथे आत्मसात केले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारणपणे तीन-सव्वातीन मिनिटांची असे. तेवढ्या अवधीत मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यखंड बसवावयाचे, म्हणजे अनावश्यक काहीही ठेवता येत नाही. काटकसरीचे हे शिक्षण चित्रपटाच्या कामी त्यांना फार उपयोगी पडले.

प्रभातचा अखेरचा काळ :

१९४६ साली फडके पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार म्हणून रुजू झाले आणि 'गोकुल' हा चित्रपट त्यांच्याकडे आला. ज्या खुर्चीवर पूर्वी गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव बसले होते, त्या खुर्चीवर सत्तावीस वर्षांचा तरुण आला. येथे काळाची एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. प्रभातचे वैभव तोवर ओसरू लागले होते. व्ही. शांताराम १९४२ मध्येच बाहेर पडले होते आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. म्हणजे फडके यांना प्रभातची शिस्त, वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रणा लाभली, पण प्रभातचे छत्र फार काळ लाभले नाही. 'आगे बढो' (१९४७) आणि 'संत जनाबाई' (१९४९) हे या काळातील त्यांचे चित्रपट होत. १९४९ मध्येच गायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

स्टुडिओपद्धती मोडल्यानंतर संगीतकाराला पगारी नोकरीऐवजी चित्रपटागणिक कामावर अवलंबून राहावे लागले. मराठी चित्रपटाचे अंदाजपत्रक तुटपुंजे आणि वाद्यवृंद लहान असे. या अडचणीतूनच मराठी चित्रपटगीताची एक विशिष्ट शैली निपजली असे म्हणता येईल. वाद्यांचा भपका परवडत नसल्याने गाण्याचा सगळा भार चाल, शब्द आणि आवाज यांवरच पडला. फडके यांच्या स्वभावाला ही अडचण मानवली.

शब्दप्रधान चालीची घडण :

राजा परांजपे, माडगूळकर आणि फडके या त्रयीचा उल्लेख मराठी चित्रपटाच्या कोणत्याही इतिहासात येतोच. 'पुढचं पाऊल' (१९५०), 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'ऊनपाऊस' (१९५४), 'जगाच्या पाठीवर' (१९६०), 'सुवासिनी' (१९६१) आणि 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) हे या सहकार्याचे ठळक टप्पे होत. त्यांचे संगीत ऐकताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते : गीताचा अर्थ पहिल्याच श्रवणात कळतो.

हे कसे साधते, ते तांत्रिक दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद, जोडाक्षरांचा आघात, महाप्राण व्यंजने आणि अनुस्वार यांवर शब्दाचे रूप अवलंबून असते. चाल बांधताना ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर ठेवला, किंवा शब्दाच्या मध्येच श्वासाची जागा आली, तर ऐकणाऱ्याला तो शब्द दुसराच भासतो. फडके यांच्या चालींत सम बहुधा अर्थाच्या दृष्टीने वजनदार अक्षरावर येते, आणि हरकत किंवा मुरकी ही दीर्घ स्वरावर, शब्द पूर्ण झाल्यावर येते. श्वासाच्या जागा वाक्याच्या विरामांशी जुळतात. हे ज्ञान पुस्तकी नव्हे. चाल स्वतः गाऊन पाहणाऱ्या, आणि गाताना शब्द तुटला तर अस्वस्थ होणाऱ्या माणसाचे हे ज्ञान आहे. उच्चारांविषयीचा त्यांचा काटेकोरपणा गायक-गायिकांच्या आठवणींतून वारंवार येतो, तो या संदर्भात समजून घ्यावा लागतो.

त्यांच्या स्वतःच्या गायनाविषयीही येथे दोन शब्द आवश्यक आहेत. त्यांचा आवाज भारदस्त नव्हता, पल्लाही फार मोठा नव्हता. त्यांनी कधी त्याच्याकडून न झेपणारे काम करून घेतले नाही. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात कुंभाराच्या तोंडी असलेले पद त्यांनी गायिले आहे. त्यात गाणारा माणूस कष्टकरी आहे, हातात काम आहे, आणि देवाशी बोलणे हे त्या कामाचाच भाग आहे, असा भाव केवळ स्वरांच्या साधेपणातून उभा राहतो. एखाद्या तयारीच्या गवयाने तेथे तान घेतली असती तर कुंभार नाहीसा झाला असता. इतर संगीतकारांनीही या आवाजाचे मोल ओळखले. 'संथ वाहते कृष्णामाई' (१९६७) या चित्रपटाचे शीर्षकगीत दत्ता डावजेकरांच्या संगीतात फडके यांनीच गायिले आहे.

हिंदी चित्रपट : एक मर्यादित पण लक्षणीय प्रवेश :

हिंदीत फडके यांनी मोजकेच काम केले. 'पहली तारीख' (१९५४) मधील किशोरकुमार यांनी गायिलेले पगाराच्या दिवसाचे गाणे रेडिओ सिलोनवरून पुढे अनेक वर्षे दर महिन्याच्या एक तारखेला वाजत असे. शास्त्रीय वळणाच्या संगीतकाराकडून आलेले हे विनोदी गीत, त्यांच्या एकसुरी प्रतिमेला छेद देण्यास पुरेसे आहे.

'भाभी की चूडियाँ' (१९६१) हा चित्रपट मात्र अधिक विचार करण्यासारखा आहे. हे 'वहिनींच्या बांगड्या' (१९५३) या मराठी चित्रपटाचे हिंदी रूप आणि दोन्हींचे संगीत फडके यांचेच. हिंदी रूपातील पं. नरेंद्र शर्मा यांचे पहाटेचे गीत लता मंगेशकर यांनी गायिले आहे. त्याचा राग कोणता, याविषयी दोन मते आढळतात. काही जण भूप सांगतात, काही देशकार. दोन्ही रागांचे स्वर एकच : सा, रे, ग, प, ध. भेद आहे तो वादी स्वराचा, चलनाचा आणि समयाचा. भूपात गंधार वादी असून तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायिला जातो. देशकारात धैवत वादी असून उत्तरांग प्रबळ आणि समय सकाळचा. गीताचा विषय सूर्योदय असल्याने, आणि सुरावट धैवत-तारषड्जाकडे वारंवार झेपावत असल्याने, देशकाराचे मत अधिक ग्राह्य वाटते. गीतरामायणातील पहिले पद याच पाच स्वरांत, पण भूपात बांधलेले आहे. तेच स्वर घेऊन एके ठिकाणी कथेचा प्रशांत आरंभ आणि दुसरीकडे उजाडणारे घर, असे दोन वेगळे परिणाम साधणारा संगीतकार रागाचे व्याकरण केवळ पाळत नव्हता, त्याचा उपयोग जाणत होता.

गीतरामायण आणि चित्रपटाचे ऋण :

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झालेली ही मालिका १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालली. त्या वर्षी अधिक मास आल्याने पदांची संख्या ५६ झाली. दर आठवड्यास नवे पद, नवी चाल आणि नवा ताफा. माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, ललिता फडके आदींचा त्यात सहभाग होता. प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनची साथ होती.

गीतरामायणाला सहसा भक्तिपरंपरेच्या किंवा कीर्तनाच्या अंगाने पाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याची बांधणी पाहता ते चित्रपट-संगीतकाराचे काम आहे, हे ध्यानात येते. प्रत्येक पद एका पात्राच्या तोंडी आहे. प्रत्येक पदाला प्रसंग आहे. प्रसंगानुरूप राग, ठेका आणि आवाज निवडला आहे. भरताची समजूत घालणाऱ्या रामासाठी यमनकल्याण, समारोपासाठी भैरवी, ही निवड पडद्यावरील दृश्यास संगीत देणाऱ्याच्या सवयीची आहे. आठवड्याची मुदत पाळण्याची क्षमताही चित्रपटव्यवसायानेच दिलेली होती. फरक एवढाच की रेडिओवर तबकडीच्या तीन मिनिटांची सक्ती नव्हती, त्यामुळे आठ-दहा कडव्यांची पदेही पूर्ण गाता आली. पुढे अनेक भाषांत या पदांची भाषांतरे झाली व ती मूळ चालींवर गायिली जाऊ लागली, याचे कारणही चालींच्या या नाट्यात्म बांधणीत शोधता येते.

सार्वजनिक जीवन आणि अखेरचा चित्रपट :

१९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात फडके यांनी प्रत्यक्ष भाग घेतला होता. पुढे मुंबई ग्राहक पंचायतीच्या कार्याशीही ते निगडित होते. या बाजूचा सविस्तर विचार येथे अभिप्रेत नाही. मात्र 'वीर सावरकर' या चित्रपटाचा उल्लेख अपरिहार्य आहे. लोकवर्गणीतून उभा राहिलेला हा चित्रपट पूर्ण करण्यासाठी त्यांनी उतारवयातील अनेक वर्षे वेचली. तो नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला आणि २९ जुलै २००२ रोजी फडके यांचे मुंबईत निधन झाले. त्या विषयाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून आणखी किती संगीत झाले असते, हा प्रश्न संगीताच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

साधनांचा प्रश्न :

फडके यांच्या चित्रपटसंगीताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. गाणी ध्वनिमुद्रिकांवर निघाली म्हणून टिकली. पार्श्वसंगीत मात्र तबकडीवर कधीच निघाले नाही. ते केवळ चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर, संवादांच्या खाली, अस्तित्वात असते. चित्रपटाची प्रत गेली की ते समूळ जाते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातील अनेक मूळ रिळे नष्ट झाली. जे चित्रपट आज पाहावयास मिळतात, त्यांतही कापलेल्या आणि आवाज खरखरीत झालेल्या प्रती पुष्कळ आहेत. त्यामुळे प्रसंग आणि गीत यांच्यामधील जागा फडके कशा भरत, दोन गाण्यांच्या दरम्यान एखादी सुरावट कशी फिरवून आणत, हे आज थोड्याच चित्रपटांतून पडताळता येते.

लिखित साधनांची स्थितीही फारशी निराळी नाही. १ मे २०२४ रोजी 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा चरित्रपट प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीस या नावाची ओळख झाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु चरित्रपट हे संशोधनाचे साधन होऊ शकत नाही. फडके यांचे आत्मचरित्र 'जगाच्या पाठीवर' या, त्यांच्याच एका चित्रपटाच्या, नावाने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. उमेदवारीच्या वर्षांची भटकंती, भूक आणि अपमान यांची हकिगत त्यात कमालीच्या अलिप्तपणे आली आहे. ते अपूर्ण आहे. चाली कशा सुचल्या, माडगूळकरांशी कोणत्या शब्दावरून अडले, वाद्यवृंदाकडून काय हवे होते, हे ज्या प्रकरणांत आले असते, ती लिहिली जाण्यापूर्वीच लेखन थांबले.